घटनेतली ती तळटीप कधी जाणार?

संपादक महोदय,

२५ जून आला की आणीबाणीवर लेख येतात, भाषणे होतात. आमच्या घरात त्या काळातले एक पोस्टकार्ड आहे. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबण्याच्या तेव्हाच्या कायद्याखाली, आत असलेल्या वडिलांनी आईला लिहिलेले. त्यावर तपासणीचा जांभळा शिक्का आहे आणि मधल्या दोन ओळींवर काळी शाई फासलेली आहे. आई ते कार्ड कंदिलासमोर धरून बघायची, पण त्या ओळी तिला कधीच लागल्या नाहीत. वडिलांना का नेले, हेही कुणी लेखी कळवले नाही.

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की, आणीबाणीत अशा कैद्याला दादच मागता येणार नाही. विरोधात उभे राहिले ते एकटे न्या. एच. आर. खन्ना. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने बरेच सावरले. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. 'अंतर्गत अशांतता' या मोघम शब्दांच्या जागी 'सशस्त्र उठाव' आला. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो. १९७५ मध्ये मंत्र्यांना २६ जूनच्या सकाळी कळले, तोवर राष्ट्रपतींची सही होऊन गेली होती.

पण याच दुरुस्तीचे कलम ३ आजही लागू नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? ते प्रतिबंधक स्थानबद्धतेविषयी, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खटल्याविना डांबण्याविषयी आहे. स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का, हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय आज माणसाला तीन महिने डांबता येते, ती मुदत हे कलम दोन महिन्यांवर आणते. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावे, त्याचा अध्यक्ष निवृत्त नव्हे, तर सेवेत असलेला न्यायमूर्तीच असावा, असेही त्यात आहे. संसदेने ते मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली. राहिली फक्त अंमलाची तारीख. ती जनता सरकारने काढली नाही आणि नंतर आलेल्या एकाही सरकारने काढली नाही. १९८१ मध्ये ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला तसा आदेश द्यायला नकार दिला. राज्यघटनेच्या अधिकृत प्रतीत कलम २२ खाली तळटीप आहे, तारीख अजून अधिसूचित व्हायची आहे म्हणून. ती वाचताना मला त्या काळ्या ओळी आठवतात.

मिसा गेला, पण १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, १९८१ मध्ये आपल्या राज्यात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले अशांना स्थानबद्ध करण्याचा एमपीडीए कायदा आला. 'अमुक जण स्थानबद्ध' ही बातमी आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून असतेच. त्यातला एखादा खरोखर गुंड असेलही, पण खटल्याविना डांबलेल्या माणसाची बाजू कोण आणि किती दिवसांत ऐकणार, हा प्रश्न त्यालाही लागू आहे.

यासाठी नवे विधेयक नको, दोन तृतीयांश बहुमत नको. राजपत्रात एक तारीख छापायची आहे. आपल्या भागातल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात याबद्दल लेखी प्रश्न विचारावा आणि सरकारचे उत्तर आपण जसेच्या तसे छापावे, ही विनंती.

— एक वाचक, सांगली