दुकानातली अळणी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई, तू दोनदा विचारलंस, "आवाज का गं असा?" आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. आदल्या रात्री पोट फुगून ढोल झालं होतं आणि तीन वाजेपर्यंत गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते. बाबा शेजारीच होते म्हणून बोलले नाही. त्यांनी लगेच मेलबर्नची तिकिटं बघायला घेतली असती.

आतड्यांचं दुखणं आहे, आयबीएस. तपासण्या सगळ्या नीट आल्यात, घाबरू नका. आहारतज्ज्ञ बाईंनी लो फॉडमॅप नावाचं पथ्य दिलंय. ते इथलंच, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तयार झालेलं. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टान नावाचं कर्बोदक असतं. ते लहान आतड्यात कुणालाच पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि वायू धरतो. तुम्हाला ते चालून जातं, मला सोसत नाही. पहिले २ ते ६ आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा. भात चालतो, ज्वारीची भाकरी चालते. तू बांधून दिलेल्या कांदा-लसूण मसाल्याची बरणी मात्र वरच्या फळीवर, न उघडलेली. मधूनमधून झाकणाचा वास घेते. कोल्हापूरच्या पोरीवर ही वेळ!

तर शनिवारी काय झालं, कडाक्याची थंडी, कामावरून उशिरा आले आणि अळणीची आठवण आली. मटण शिजत असताना त्याचं पाणी तू वाटीत काढून द्यायचीस ना, ती. इथे दुकानात चिकन स्टॉकचे एक लिटरचे खोके मिळतात. पुढच्या बाजूला कोंबडी, गाजर, हिरवीगार कोथिंबिरीसारखी पानं, आणि 'नैसर्गिक'. कांद्याचं एक सालसुद्धा चित्रात नाही. घेतला, त्यात मऊ भात शिजवला, दोन वाट्या खाल्ल्या. पोट बिघडल्यावर खोका कचऱ्याच्या डब्यातून काढून मागची बाजू वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पाणी, कोंबडी आणि लगेच कांदा. शेवटाकडे लसूण. बाबा, तुम्ही शाळेत म्हणायचात ना, आधी प्रश्न नीट वाच.

मी तरी बाईंना विचारलं, की कांद्याचे तुकडे तर गाळून टाकलेले असतात, मग? त्या म्हणाल्या, फ्रुक्टान पाण्यात विरघळतं. कांदा बाहेर आला तरी त्याचा त्रास रश्शात राहिलेलाच. तेलात मात्र ते विरघळत नाही. म्हणजे लसूण तेलात तळून पाकळ्या काढून टाकल्या, तर ते तेल मला चालतं! तुझ्या फोडणीचा वास घरात परत आलाय, एवढं ऐकून खूश हो.

आता दुकानात त्या फळीसमोर मी चष्मा लावून पंधरा मिनिटं उभी असते. 'कांदा नाही' असं कुठे लिहिलंय का बघत नाही, मागे काय लिहिलंय ते बघते. नुसतं 'फ्लेवर' किंवा 'मसाले' असेल तर ठेवून देते, कारण त्याखाली काय आहे ते कळत नाही. 'बोन ब्रॉथ', म्हणजे हाडांचं सूप, हे नाव महाग आहे, पण कांदा त्यातही असतोच बहुतेक. मोनॅशचा शिक्का असलेलं मिळालं तर घेते. आजी आठवते. माळकरी, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, आणि आषाढीच्या आधी कांदेनवमीला भज्यांवर ताव मारून घ्यायची. मला तेवढीही सवड मिळाली नाही.

शेवटी घरीच करते. इथे खाटकाकडे कोंबडीचे सांगाडे स्वस्त मिळतात. आलं, हळद, मिरी, तमालपत्र, पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात (ती चालते, पांढरा भाग नाही) आणि दोन तास मंद आच. वरून चिमूटभर हिंग, तोही गव्हाच्या पिठाऐवजी तांदळाच्या पिठात बांधलेला शोधून आणलाय. डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. तुझ्या अळणीच्या जवळपासही नाही, पण पोट गप्प असतं.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. त्या खोक्यावर सोडियमही होतं, १०० मिलिलिटरला ३२० मिलिग्रॅम. एक मोठी वाटी म्हणजे २५० मिलिलिटर, म्हणजे ८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे जवळपास दोन ग्रॅम मीठ. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नावाला अळणी, आणि मीठ हे एवढं! तेव्हा मला तुमचं संध्याकाळचं पाकिटातलं सूप आठवलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यावर तुम्ही ताटातलं मीठ बंद केलंत, लोणचं बंद केलंत, आणि सूप 'हलकं' म्हणून सुरू केलंत.

सोमवारपासून माझी लसणाची परीक्षा आहे, तीन दिवस, रोज थोडा थोडा वाढवत. निकाल कळवेन. आई, तोवर काही पाठवू नकोस. बाबा, सुपाच्या पाकिटाचा फोटो पाठवा. मागचा, पुढचा नको.

तुमची,
चिमी