आधी पायाचं माप पाठव

ठाणे, रविवार रात्र

प्रिय पम्या,

तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीत ॲसिटोननं बूट पुसत बसलो होतो, म्हणून धड बोललो नाही. वासानं डोकं उठलं होतं. तू म्हणालास, "चिलखत झालं, हेल्मेट झालं, आता फक्त बूट. पांढरे कसलेही मागवतो." त्या 'कसलेही'मुळे झोप लागेना, म्हणून हे पत्र.

चाहत्यांच्या कन्व्हेन्शनला, म्हणजे मेळाव्याला, आपण ज्याचा वेश करणार तो स्टॉर्मट्रूपर म्हणजे 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या साम्राज्याचा पांढऱ्या चिलखतातला शिपाई. त्याचे बूट सोपे वाटतात, कारण सिनेमात ते कुणी बघतच नाही. मीही बघितले नव्हते. १९७७चा पहिला 'स्टार वॉर्स' काढून बसलो आणि पाय दिसला की चित्र थांबवायचं, असं तीन रात्री केलं. बायको म्हणाली, लोक सिनेमात नट्या बघतात, तू टाचा बघतोस. सापडलं एवढंच: घोट्याच्या वर जाणारा पांढरा बूट, नाडी नाही, बक्कल नाही, बाजूला इलॅस्टिक, टाच बुटकी. म्हणजे ज्याला आपण दुकानात 'चेल्सी' म्हणून मागतो तोच!

आणि हा चेल्सी काही अवकाशातला नाही. लंडनचा स्पार्क्स-हॉल नावाचा मोची होता, व्हिक्टोरिया राणीचे जोडे करणारा. इलॅस्टिकच्या या बुटाचं पेटंट त्यानं १८५१ साली घेतलं. गंधक घालून रबर पक्कं करायची गुडइयरची युक्ती तेव्हा नुकतीच आली होती, म्हणून ताणून पुन्हा जागेवर येणारी पट्टी बुटात बसवता आली. म्हणजे साम्राज्याचा शिपाई आकाशगंगेत फिरतो तो राणीच्या फिरायच्या बुटांच्या वंशजात. हे कळल्यावर मी एकटाच हसत सुटलो.

यात आश्चर्य नाही म्हणा. त्या सिनेमाचा वेशभूषाकार जॉन मोलो हा मुळात लष्करी गणवेशांचा अभ्यासक. भावाबरोबर त्यावर पुस्तकं लिहिलेला माणूस. १९७८ साली त्याला याच कामाचं ऑस्कर मिळालं. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांच्या पायातले उंच काळे बूट बघ, जर्मन अधिकाऱ्यांची आठवण येतेच. त्यानं अवकाशासाठी नवा बूट शोधला नाही, पृथ्वीवरच्या ओळखीच्या बुटांतून निवडला. म्हणून माझं ठाम मत झालंय: अचूक बूट हवा तर कल्पनेतला बूट शोधू नकोस, त्यामागचा साधा बूट शोध. आपले लोक इथेच चुकतात. अवकाश म्हटलं की जाड तळवे, चंदेरी पट्ट्या, नळ्या, दिवे. ट्रूपरच्या पायात यातलं काही नाही.

आता माझा मूर्खपणा ऐक, म्हणजे तू तो करणार नाहीस.

पहिला जोड: सेलमधून काळे चेल्सी घेतले आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या पांढऱ्या इनॅमल स्प्रेचे दोन डबे मारले. वाळल्यावर इतके सुंदर दिसले की मी फोटो काढून तुलाच पाठवला होता, आठवतंय? मग घालून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. बोटांमागे जिथे पाय वाकतो तिथे जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे पोपडे, आणि फटीतून खालचं काळं. इनॅमल वाळून कडक होतं आणि चामडं दर पावलाला वाकतं, दोघांचं जमणार कसं? रंग निवडताना हा विचार करायचा असतो. मी डब्यावरचा 'सुपर ग्लॉस' वाचून भुललो.

दुसरा जोड जरा शहाणपणानं केला. एक लक्षात ठेव, काळं चामडं डायनं पांढरं होत नाही. डाय चामड्यात मुरतो, गडदच करतो. पांढरा हवा तर वर रंगच बसवावा लागतो, तोही चामड्यासाठीचा वाकणारा ॲक्रिलिक. आधी ॲसिटोननं कारखान्याची चकाकी घासून काढायची, नाहीतर रंग धरत नाही. मग पातळ हात, वाळू दे, पुन्हा पातळ हात. मी नऊ हात दिले. चामडं चांगलं निघालं, पण इलॅस्टिकवर रंग ओघळला आणि ते पापडासारखं कडक झालं. बूट पायात जाईना, गेला तर निघेना. शेवटी मुलीनं एकीकडून आणि मी दुसरीकडून ओढून काढला.

तिसऱ्यांदा गेलो ठक्करबाप्पा कॉलनीत. तू कधी गेला नसशील. कुर्ला-चेंबूरच्या त्या गल्ल्यांत घरोघर चपला-बूट बनतात, हवेत सोल्युशनचा वास, दारात फर्म्यांचे, म्हणजे ज्यावर बूट चढवून घडवतात त्या पायाच्या साच्यांचे, ढीग. ज्या कारागिराकडे गेलो त्याला मोबाइलवर ट्रूपरचा फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बँडवाले हो क्या? कितने जोड?" मी म्हटलं, एकच. त्याचं तोंड उतरलं. मी हेल्मेट, अवकाश वगैरे समजावायला लागलो तर हात वर करून म्हणाला, "वो सब छोडो, ये तो सादा बूट है."

तीन रात्री सिनेमा थांबवून मी जे शोधलं, ते त्यानं अर्ध्या मिनिटात सांगितलं.

मग मात्र त्याला रस आला. शेल्फवरून चार फर्मे काढले. एक टोकदार, तो मीच बाजूला केला. एक फार चौकोनी. तिसऱ्यावर आमचं एकमत झालं: पुढे गोल, पण फुगीर नाही. चामडं मुळातच पांढरं घेतलं, म्हणजे सुरकुती पडली तरी आतून काळं डोकावणार नाही. इलॅस्टिकही पांढरंच. रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, कडा तासताना तो मला दाखवत होता की कड पातळ केली नाही तर दुमडल्यावर शिवणीची गाठ घोट्याला टोचते. त्याच्या अंगठ्याला त्या जागी घट्टा होता. बोलता बोलता कड न बघताच अंगठ्यानं चाचपून तो रापी फिरवत होता.

उंचीवर घासाघीस झाली. पोटरीचं चिलखत बुटाच्या गळ्यावरून खाली येतं. गळा फार उंच झाला तर चिलखत वर ढकललं जातं आणि गुडघ्यामागे कापतं. कमी झाला तर मध्ये काळ्या मोज्याची पट्टी दिसते. शेवटी दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पोटऱ्यांना चिलखत बांधून त्या गल्लीत स्टुलावर बसलो आणि माप दिलं. पोरांचा घोळका जमला. चहावाल्यानं विचारलं, ॲक्सिडेंट झाला का?

तळव्याला त्यानं चामडं सुचवलं होतं, मी रबर लावायला सांगितलं. हेल्मेटमधून पायाखालचं काही दिसत नाही. त्याच पहिल्या सिनेमात एका ट्रूपरचं डोकं दाराला आपटलेलं आहे, माहितीय ना? कन्व्हेन्शनच्या गुळगुळीत फरशीवर तर आपण आडवेच व्हायचो. अडीच हजार आणि दहा दिवस लागले.

तुझ्या उंचीबद्दल बोलायला नको, पण बोलतोच. सिनेमात राजकन्येनं ट्रूपरच्या वेशातल्या हिरोला उंचीवरून टोमणा मारलाय, तो तुला दिवसभरात पन्नास जण मारणार. बाहेरून टाच वाढवलीस तर बूट चुकला. आत टाचेखाली अर्ध्या इंचाची गादी घाल, पण तसं आधी सांग, कारण मग गळाही तेवढा वाढवावा लागेल.

बाहेरच्यांचं मनावर घ्यायचं ते एवढंच: अमेरिकेत १९९७ साली सुरू झालेली ५०१वी लीजन नावाची चाहत्यांची फौज आहे. प्रत्येक वेशाचं त्यांचं लेखी वर्णन आहे, आणि त्यात बसलात तरच प्रवेश. कटकटे लोक आहेत, पण त्या कटकटीमुळेच मी बक्कलवाले बूट घेता घेता थांबलो.

आणि तो पोपडे उडालेला पहिला जोड टाकला नाहीये. वाळवंटातले ट्रूपर मळकेच दाखवलेत. ती दृश्यं ट्युनिशियात चित्रित झाली होती. मी पोपडे घासून काढले, पुन्हा रंग दिला आणि वरून मुलतानी माती नि थोडा गेरू चोळला. गेरू जास्त झाला, आता तो नुकताच तुळशीवृंदावन रंगवून आलेला वाटतो. थोडं पुसायचंय. तू फोन केलास तेव्हा तेच चाललं होतं.

तर तू काही मागवू नकोस. वर्तमानपत्रावर उभा राहा, संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, जाड मोजे घालून. वहिनींना पेन्सिल उभी धरून दोन्ही पायांभोवती फिरवायला सांग. तू स्वतः वाकून काढलंस तर माप चुकतं. डावा-उजवा वेगळा काढ आणि लिही कुठला कुठला. माझा डावा पाव इंच रुंद निघाला. घोट्याचा आणि पोटरीचा घेर शिंप्याच्या टेपनं घे. शनिवारी मी कॉलनीत जाणारच आहे. दोन जोड म्हटल्यावर तो कारागीर तरी खूष होईल.

तुझा,
बंड्या

ता. क. पेपर घडी घालून पाठव, गुंडाळी नको. मागच्या वेळी हेल्मेटचं माप पाठवलंस ते अजून सरळ होत नाहीये.