त्या संमतीपत्रावर सही करण्याआधी

(जुलै २०२४ चं पत्र. त्यातली औद्योगिक विवाद कायद्याची कलमं तेव्हा लागू होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली.)

मार्गताम्हाने,
१४ जुलै २०२४

चि. निखिलास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, सही करू की नको?" तेवढ्यात रेंज गेली. तू पाठवलेली कराराची पानं काल दुपारभर बसून वाचली, म्हणून आता लिहूनच सांगतो. सही करू नकोस. का, ते सावकाश वाच.

कंपनीनं दुसऱ्या युनियनबरोबर करार केला आणि तुमच्या युनियनला विचारलंसुद्धा नाही. म्हणून तुमची युनियन औद्योगिक न्यायालयात गेली. असं बऱ्याच कारखान्यांत होतं. मला खटकलं ते शेवटचं पान. ज्याला पगारवाढीचा फरक, म्हणजे मागची थकबाकी, हवी त्यानं वेगळं संमतीपत्र भरून द्यायचं: करार वाचला, समजला, मान्य आहे, त्याविरुद्ध कुठेही तक्रार करणार नाही. करार सगळ्यांना लागू आहेच म्हणतात, तर मग तुझ्या एकट्याच्या सहीची एवढी निकड कशाला?

याचं उत्तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना बांधतो, उद्या भरती होणाऱ्यालाही. पण मालक आणि युनियन यांनी आपसांत केलेला, आपण ज्याला कलम १८(१) वरून 'अठरा-एकचा करार' म्हणतो तो, फक्त सही करणाऱ्या पक्षांपुरता. आपल्या महाराष्ट्रात यात एक दुरुस्ती आहे: कारखान्यात मान्यताप्राप्त युनियन असेल तर असा करार तिच्याशीच करावा लागतो आणि मग तो सगळ्यांना लागतो. मान्यताप्राप्त म्हणजे १९७१ च्या आपल्या राज्याच्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयानं प्रमाणपत्र दिलेली. त्यासाठी मागचे सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असावे लागतात. गेटवर मोठा बोर्ड लावला, मॅनेजरच्या केबिनमध्ये ऊठबस असली, म्हणून मान्यता मिळत नाही. कराराच्या पहिल्या पानावर त्या युनियनच्या नावापुढे नोंदणी क्रमांक आहे, मान्यतेचा उल्लेख कुठेच नाही. मी तीनदा पाहिलं. तुमच्या वकिलांनी प्रमाणपत्राचा प्रश्न सगळ्यात आधी काढला पाहिजे. ते नसेल तर हा करार तुला बांधत नाही. तुला बांधून घ्यायला त्यांना तुझीच सही लागते.

आता करारातलं कलम सतरा वाच. पगाराच्या तक्त्यानंतर, भत्त्यांच्या मध्ये ते घातलंय. 'कार्यक्षमतेच्या दृष्टीने बॅच विभागात प्रत्येक पाळीत दोन ऑपरेटर राहतील.' आज तुम्ही तिघं असता. लोट्याच्या केमिकल कारखान्यात माझं आयुष्य रिअ‍ॅक्टरसमोर, रसायनं तापवायच्या टाकीसमोर, गेलं, त्यामुळे हे वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही. बॅच तापत असताना एकानं तापमानावरून नजर काढायची नसते. दुसरा टाकीच्या तोंडाशी, मॅनहोलशी, मास्क लावून चार्जिंग करत, म्हणजे माल आत टाकत असतो. तिसरा खाली सेंट्रिफ्यूज, म्हणजे माल गाळायचं फिरतं यंत्र, रिकामं करतो, आणि वरून हाक आली की धावतो. पहाटे तीनला यातला एक माणूस काढला तर नजर कुणी ठेवायची? पगारात चार पैसे कमी-जास्त झाले तर पुढच्या करारात भांडता येतं. हे तसं नाही.

पाळीतली माणसं कमी करायची तर त्याच औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ खाली मालकाला आधी नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावं लागतं. त्या काळात युनियन वाद उभा करू शकते. पण तो बदल करारानुसार होत असेल तर नोटीस लागत नाही. आता तुझ्या ध्यानात येईल, ते संमतीपत्र कशासाठी आहे.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली हर्बर्टसन्स कंपनीच्या खटल्यात सांगितलंय की करार एकसंध पाहायचा, त्यातलं गोड तेवढं घेऊन कडू टाकता येत नाही. बहुसंख्य कामगारांनी समजून-उमजून तो स्वीकारला असेल तर कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही. उद्या कंपनी संमतीपत्रांचा गठ्ठा न्यायाधीशांपुढे ठेवेल तो याच आधारावर. म्हणून प्रत्येक सहीला किंमत आहे, तुझ्याही.

फरक ऑगस्टअखेर देणार म्हणतात. गणपती ७ सप्टेंबरला. कोकणातल्या माणसाला पैशाची नड कधी असते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ज्यांच्यावर कर्ज आहे, घरी आजारपण आहे, ते सही करतील. त्यांना नावं ठेवू नकोस, त्यांच्याशी बोलणं तोडू नकोस. आपल्या घरचा गणपती फरकावाचून होईल. आईशी बोललोय, तीही तेच म्हणाली.

तुझे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, पण त्या वेळच्या कायद्यानं बोलणी करायचा हक्क फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. अडीच लाख माणसं एका बाजूला, आणि कागदावर त्यांच्या नावानं बोलणारी युनियन दुसऱ्या बाजूला. आपल्या वाडीतले किती चाकरमानी त्यानंतर कायमचे गावी परतले, ते तू म्हाताऱ्यांकडून ऐकलंयस. कामगाराच्या नावानं सही कोण करतो, हा प्रश्न मला तेव्हापासून जिव्हाळ्याचा आहे.

पण तुमच्या पुढाऱ्यांनाही एक स्पष्ट सांग. दुसऱ्या युनियनला खाली ओढण्यासाठी अख्खा करार रद्द करा म्हणत बसू नका. पगारवाढ कुणाला नको असते? मान्यतेचा मुद्दा आणि पाळीतल्या माणसांचा मुद्दा, हे दोन घट्ट धरा. निकाल लागेपर्यंत करारातलं कलम सतरा अमलात आणू नये म्हणून अंतरिम आदेश मागा, औद्योगिक न्यायालयाला तो अधिकार आहे. आणि फरक हक्क राखून, निकालाच्या अधीन राहून मिळावा, असाही अर्ज द्या. म्हणजे नडलेल्या माणसालाही सहीवाचून पैसे मिळायची वाट राहील.

एचआरवाल्यांनी बोलावलं तर एकटा जाऊ नकोस, कमिटीतला एक जण बरोबर ने. तोंडी काही कबूल करू नकोस. 'विचार करून लेखी कळवतो' एवढंच सांग आणि त्याच दिवशी तसं पत्र देऊन पोच घे. कराराची पानं नऊ ते बारा पुसट आलीत, त्यांचे फोटो पुन्हा पाठव. तारीख कधीची लागली तेही कळव, त्या दिवशी मी तुझ्याबरोबर कोर्टात येईन.

तुझे बाबा