सईचा फॉर्म

मुंबई, जून 2025

प्रिय शिऱ्या,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, त्या फोनवर घाल. तब्येत ठीक. शुगर जाग्यावर नाही, पण ती कधी होती?

सईचा अकरावीचा फॉर्म भरून झाला. यंदा अख्ख्या राज्याची अकरावी ऑनलाइन, म्हणजे तुमच्याकडेही हाच गोंधळ असणार. मुंबईत हे 2009 पासूनच आहे. भाग एकमध्ये नाव-गाव, भाग दोनमध्ये पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा कॉलेजं. कार्टीनं रात्री एकटीनं बसून भरला, लॉक केला आणि सकाळी माझ्या हातात प्रिंट दिली. सगळीकडे विज्ञान. स्वच्छ, सुबक.

दुपारी रद्दी बांधताना तिच्या वहीचं मागचं पान दिसलं. तिथं पेन्सिलीनं कच्ची यादी. वर पहिलीच ओळ 'रुईया, कला'. खोडलेली. खाली परत 'रुईया, कला', ती तर कागद फाटेस्तोवर खोडलेली. विचारलं, तर म्हणे, "असंच लिहून बघत होते, बाबा."

तुझा फॉर्म आठवतो? सगळा तुझ्या अक्षरात, आणि शाखेच्या रकान्यात कागद ब्लेडनं खरवडलेला, त्यावर अण्णांचं टोकदार 'विज्ञान', शाई फुटलेली. खिडकीवरच्या क्लार्कनं विचारलं, "हे कोणी लिहिलं?" तू म्हणालास, "मीच." मी तेव्हा गप्प का बसलो म्हणून अजून भांडतोस. अरे, मागे अण्णा उभे होते! आणि माझ्या फॉर्मवर बाबांची सही तू ठोकलेली, मी कुठल्या तोंडानं बोलणार होतो?

ते दिवस फार गोड होते असं नाही हं. प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म, प्रत्येकाला अटेस्टेड झेरॉक्स, आणि माझ्या आईचं स्पेलिंग प्रत्येकावर निराळं. पण क्लार्कला निदान विचारावंसं तरी वाटलं. सईच्या प्रिंटवर कोण काय विचारणार?

मी तिला विज्ञान घे असं एका शब्दानं म्हटलेलं नाही. पण सीमा इंजिनिअर, तिचा भाऊ इंजिनिअर, जेवताना विषय तेच. वेगळं म्हणायला कशाला हवं? आणि पहिली पसंती लागली की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. तिला मार्क भरपूर आहेत, हीच पंचाईत. सीमा म्हणते, पोरं वहीत काहीही खरडतात, तू उगाच डिटेक्टिव्ह होऊ नकोस. असेलही तसं. मला झोप नाही.

तुला ती खरं सांगेल. पहिली यादी लागायच्या आत तिला फोन कर. माझं नाव काढू नकोस, वहीचं तर मुळीच नाही. आपलं सहज, "काय घेणार गं?" एवढंच.

वहिनींच्या बदलीचं झालं का काही? रोहनला नोकरी लागल्याचं सीमाकडून कळलं. पेढे कुठे आहेत?

तुझा,
नंद्या

ता. क. फोन दुपारी कर. सकाळी ती उठत नाही, आणि संध्याकाळी मी घरी असतो.