मिठाची डबी

प्रिय बाळ,

फोनवर मी गप्प होतो, कारण आई शेजारी बसून डोळे वटारत होती. म्हणून लिहितोय. सूनबाई ताटावरून उठून गेली हे ऐकून तिचा राग नाही आला. तुझाच थोडा आला, मग तुझीच दया आली. डॉक्टरांनी तिचं बीपी १५२/९६ सांगितलं आणि तू रातोरात स्वयंपाक हातात घेतलास. इथे कधी स्वतःचा चहासुद्धा न केलेला मुलगा! आईने हे आत्याला तीनदा सांगितलं.

पण अरे, तुझी जीभ मुळातच अळणी. लहानपणी सूपमध्ये पाणी ओतून प्यायचास. मीठ कमी पडलं तर तुला कळतही नाही आणि तिला आंबट, खारट, कुरकुरीत हवं. तिचं जेवण तू तुझ्या जिभेने रांधतोयस.

बीपी परत मोजलंत का? एवढंच विचारतो, पुन्हा नाही.

माझं २००४ साली निघालं तेव्हा आईने घाबरून सगळंच उकडायला घेतलं. ताटात फरसबी, रंग उडालेली, खाली पाण्याचं तळं. मी निमूट गिळायचो. मधल्या खोलीतल्या खणात, बिलांच्या गठ्ठ्याखाली, मी मिठाची डबी दडवली होती. सगळे झोपले की ब्रेडवर लोणी आणि वर मीठ. असे अडीच महिने. एक दिवस जेवायला बसलो तर डबी टेबलाच्या मधोमध. तू सातवीत होतास. "ही इथे कशी?" म्हणालास, आणि आम्ही दोघं आपापल्या ताटात बघत राहिलो. तिच्या झाकणाला पोचा होता, तोही मला आठवतो.

म्हणून धास्ती वाटते, सूनबाई बाहेर लपून खात असेल का? तपासायला मात्र जाऊ नकोस. पर्स वगैरे तर मुळीच नाही.

त्यानंतर आईने उकडणं सोडलं. शेंगा कोरड्या पुसायच्या, कढई चांगली तापवायची, थोड्या थोड्या टाकायच्या आणि डाग पडेपर्यंत हलवायच्या नाहीत. उतरवल्यावर लिंबू आणि अगदी शेवटी चिमूटभर मीठ. शिजताना घातलेलं आत मुरतं, वरचं थेट जिभेला लागतं, म्हणून थोडक्यात भागतं. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभरही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात ब्रेड, चीज, सॉस, तयार सूप सगळं आलं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ते कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, काही गोळ्यांबरोबर ते बाधू शकतं. आणि एकदम तोडू नकोस, आठवड्या-आठवड्याने कमी कर. माझी जीभ वळायला दीड महिना लागला, मग बाहेरचं सूप मलाच खारट लागायला लागलं.

हे बघ, सुरू झालो. माफ कर. तू मोठा आहेस, आणि हे सगळं तू वाचलंही असशील.

तिलाच विचार ना, काय खावंसं वाटतं. कुरकुरीत हवं असेल तर बिनमिठाचे भाजलेले दाणे आहेत. तुमच्या दोन वाट्या वेगळ्या झाल्या तरी बिघडत नाही. आईची अजून वेगळीच असते, मिरपूड घालून काळी केलेली.

भाऊंचं काय झालं ते तू पाहिलंस, म्हणून तोंड आवरत नाही. त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून स्वस्थ बसू दे तिला, हात टेबलावर, बोलणं बंद. आणि भांडण झाल्या झाल्या मोजू नका, तो आकडा भांडणाचा असतो.

डबीची गोष्ट तिला सांगितलीस तरी माझी हरकत नाही. आईला मात्र सांगू नकोस की मी लिहिलं.

तुझा,
बाबा

ता. क. मशीनचे सेल बदललेस का? बीपीचं विचारत नाहीये, सेलचं विचारतोय.