वाईट प्रतिक्रिया मलाही पाठवत जा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या कचेरीतून फोन आला. "ताई, तुमच्या लेखांवर लोक फार वाईट लिहितात. आम्ही ते इथंच थांबवतो, तुमच्यापर्यंत चांगलं तेवढं पाठवतो." माझी काळजी वाटून तुम्ही हे ठरवलं, हे कळतं. पण ही व्यवस्था मला नको आहे.

मी दारव्हा तालुक्यातली कास्तकार बाई. सहा एकर कोरडवाहू वावर, थोडी पऱ्हाटी म्हणजे कपाशी, थोडं सोयाबीन आणि धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, तूर. तुमच्या शेतीच्या पानावर दोन वर्षांपासून लिहिते आहे. पहिली वाईट प्रतिक्रिया आली त्या रात्री तव्यावरची भाकर करपली आणि सासूबाईंनी विचारलं, "कोन मेलं वो?" तेव्हा अंगाला लागत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. लागतं. आडनावावरून जात काढली की जास्त लागतं, आणि "बाईमाणसानं चूल पाहावी" हे वाचलं की हसू येतं, कारण त्या वेळी मी बहुतेक चुलीपुढंच बसलेली असते.

पण सगळ्या वाईट प्रतिक्रिया एका पोत्यात भरू नका.

सप्टेंबरात मी फवारणीवर लिहिलं होतं. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. डोक्यावर गेलेली पऱ्हाटी, एकात एक मिसळलेली औषधं, बारीक धुकं मारणारे पंप, आणि वारा तोंडावर. मी लिहिलं: मास्क लावा, चष्मा घाला, हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. लिहून समाधानानं झोपले. चार दिवसांनी तुमच्याकडून एकाचा निरोप आला, "बाई, भर उन्हात हे सारं घालून एक पंप मारून दाखवा, मंग लेख लिवा."

दोन दिवस मी त्या माणसावर चरफडत होते. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा सोळा लिटरचा पंप घेतला, साधं पाणी भरलं, सगळा साज चढवला आणि दुपारी बारा वाजता वावरात उतरले. पऱ्हाटीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत चष्म्यावर वाफ धरली, दिसेना. मास्क घामानं ओला होऊन नाकाला चिकटला, श्वास घेता येईना. पंप संपायच्या आधी मी तो मास्क खाली ओढला होता. मीच ओढला! मजूर का काढतात, हे मला लेख लिहिताना माहीत नव्हतं. ते त्या शिवराळ माणसाला माहीत होतं.

पुढच्या लेखात उपदेश कमी केला. सकाळी लवकर सुरुवात करा, ऊन चढलं की थांबा, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करू नका, पऱ्हाटी डोक्यावर गेली असेल तर तिच्यात शिरून मारू नका, दोन पंपांच्या मध्ये सावलीत हात-तोंड धुवा. मजुराला सकाळचे तासच सांगा आणि रोजी पूर्ण द्या, हेही लिहिलं. या शेवटच्या वाक्यावर मोठ्या कास्तकारांकडून वेगळ्या शिव्या आल्या. त्या मी जपून ठेवल्या आहेत.

दुसरी गोष्ट माझ्या सरळ चुकीची. जूनमध्ये सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध आणि खत चोळण्यावर, लिहिताना मी क्रम उलटा लिहिला: आधी रायझोबियम हे जिवाणू खत, मग बुरशीनाशक. खरं तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू खत, दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट, सावलीत सुकवून लगेच पेरणी. माझ्या क्रमानं केलं तर बुरशीनाशक त्या जिवाणूंनाच मारतं. एकानं लिहिलं, "जिवानू माराचेच होते त पाकीट फोडलं काहून? यंदा साऱ्यायची पेरनी बुडवसान तुमी." वाचून कान तापले. गंमत म्हणजे आमच्या घरी क्रम बरोबरच होता, कारण बीजप्रक्रिया नवरा करतो आणि लेख मी लिहिते.

त्याच आठवड्यात लेखाचं कौतुक करणारे अकरा निरोप आले होते. त्यातल्या एकालाही चूक दिसली नव्हती. एका सद्गृहस्थांनी तर धीर दिला की आगरकरांनाही लोकांनी फार छळलं होतं. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती हो. माझा फक्त जिवाणूंचा क्रम चुकला होता.

तुम्ही दुरुस्ती छापली, पण तीन आठवड्यांनी आणि आतल्या पानावर, खाली, दोन ओळींत. तोवर आमच्याकडे पेरण्या आटोपल्या होत्या. याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मी कोणत्याही शिवीपेक्षा गंभीर धरते. चूक ज्या जागी, ज्या अक्षरात छापली, दुरुस्ती त्याच जागी आणि पुढच्याच अंकात हवी.

आता मी काय करते ते सांगते. त्याच रात्री कोणाला उत्तर देत नाही. जेवणं झाली की नवरा सगळ्या प्रतिक्रिया मोठ्यानं वाचतो, आणि तो वऱ्हाडीत वाचायला लागला की अर्ध्यांमधली धार तिथंच जाते. उरलेल्यांत काही वावरातलं आहे का ते पाहते. असेल तर वहीत उतरवते, पुढच्या लेखाआधी ती वही उघडते. "ही कंपनीची एजंट आहे" म्हणणाऱ्याला मी उत्तर देत नाही. औषधाचं कंपनीचं नाव माझ्या लेखात येत नाही, ते त्यानं पाहावं. आणि जातीवरून, पोरीबाळींवरून घाण लिहिणाऱ्यांचं खुशाल कचऱ्यात टाका. धमकी असेल तर जपून ठेवा आणि मला कळवा, ठाण्यात जायला मी भीत नाही. बाकी सगळं, कितीही कडू असलं तरी, जसंच्या तसं पाठवा.

एक विनंती आणखी. यंदाचा बीजप्रक्रियेचा लेख सोबत जोडला आहे. "पाकीट फोडलं काहून" लिहिणाऱ्या दादांचा नंबर तुमच्याकडे असेलच. त्यांचा मला देऊ नका, माझा त्यांना द्या. छापायच्या आधी लेख त्यांनी एकदा वाचावा अशी माझी इच्छा आहे. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, 7-8 जूनला लागतो, त्याच्या आत झालं तर बरं.

आपली,
एक कास्तकार वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ