छोटा कॅमेरा निवडताना दिव्यांचाही विचार व्हावा

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत लहान मिररलेस (आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांविषयी आलेला लेख इंदूरमधील आमच्या मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचला गेला, कारण गणेशोत्सवातील कार्यक्रमांसाठी असा कॅमेरा घ्यावा की नाही, यावर आमच्याकडे दोन महिने खल चालू आहे. फोटो आणि चित्रीकरण अशी दोन्ही कामे खांद्यावरच्या पिशवीत मावणारे एकच यंत्र करते, हा लेखाचा मुख्य मुद्दा होता. फोटोंपुरता तो मला पूर्णपणे मान्य आहे. चित्रीकरणाचा हिशेब मात्र लेखकाने फार घाईने उरकला, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

निकॉन झेड 30, सोनी झेडव्ही-ई10 किंवा कॅनन आर50 यांचे सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारे भाग, 22 ते 24 मिलिमीटर रुंदीचे असतात, त्यामुळे मोबाईलच्या इवल्या सेन्सरपेक्षा त्यांच्या फोटोंत रंगांचा आणि अंधारातील तपशिलांचा दर्जा सहज वरचढ राहतो. त्यांतील पहिल्या दोघांना डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर नाही, याचा उल्लेख लेखात व्हायला हवा होता. राजवाड्यासमोर दुपारी दोन वाजता उभे राहून मागच्या पडद्यावर काही दिसते का, हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला ही बाब किरकोळ वाटणार नाही.

आता चित्रीकरणाकडे येतो. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटचा आणि बऱ्याच स्वस्त एलईडी दिव्यांचा उजेड दर सेकंदाला 100 वेळा कमीअधिक होत असतो. डोळ्याला ते कळत नाही, पण सेकंदाला 30 चित्रे आणि 1/60 शटर (म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ उजेड) अशी मांडणी असली, तर कॅमेऱ्याला ते चांगलेच कळते आणि पडद्यावर सावलीचे पट्टे सरकू लागतात. सेकंदाला 25 चित्रे आणि 1/50 किंवा 1/100 शटर ठेवले, की प्रत्येक चित्राच्या वाट्याला सारखाच उजेड येतो. अमेरिकेहून भाच्याने आणलेला कॅमेरा अनेकदा तिकडच्या 60 हर्ट्झच्या हिशेबाने लावलेला असतो. आमच्या एका नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाचे संपूर्ण चित्रीकरण याच कारणाने वाया गेले. दोष यंत्राचा नव्हता, मेनू उघडून न पाहणाऱ्या माझाच होता.

फोटोंतही दिव्यांचा हाच त्रास वेगळ्या वाटेने येतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ (गिरण्या बंद पडल्या, तरी कामगारांनी ही परंपरा सोडलेली नाही) म्हणजे हजारो लुकलुकत्या दिव्यांची आरास. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरवरील उजेड एकेक ओळ करून वाचते, त्यामुळे अशा दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे उमटण्याचा धोका राहतो. यांत्रिक शटर, म्हणजे खराखुरा सरकणारा पडदा, हा धोका पुष्कळ कमी करते. गंमत अशी, की झेडव्ही-ई10 मध्ये यांत्रिक शटर आहे आणि 2024 मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ते काढून टाकले आहे. नवे ते अधिक चांगले, असे गृहीत धरणाऱ्याची इथे फसगत होईल.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पूर्ण झूमवर सहसा एफ/5.6 किंवा त्याहूनही कमी उजेड घेणारी असते (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). एफ/1.8 ची साधी, झूम नसलेली लेन्स 5.6 च्या सुमारे 10 पट उजेड आत घेते, आणि सभागृहातील मंद प्रकाशात हा फरक दोन कॅमेऱ्यांमधील फरकापेक्षा कितीतरी मोठा ठरतो. वर उल्लेखिलेल्या तिन्ही कॅमेऱ्यांत हाताचा कंप शोषणारी सोय सेन्सरपाशी नाही, म्हणून तिवई आलीच. आवाजासाठी वेगळा माइकही आला. पिशवीत मावणारे यंत्र इथवर येता येता पिशवीबाहेर गेलेले असते.

उष्णतेचा प्रश्न तर इंदूरकरांनी विसरू नयेच. लहान बंदिस्त शरीरात पंखा नसतो आणि फोर-के चित्रीकरणात सेन्सर सतत तापत राहतो. मे महिन्यात पारा 40 च्या वर असताना एका मुंजीत उसना आणलेला कॅमेरा नेमक्या मातृभोजनाच्या वेळी तापून बंद पडला. शिवाय सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने चित्रित केल्यास तासाला 45 जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांच्या कार्यक्रमाला 135 जीबी. जे चित्रीकरण शेवटी व्हॉट्सअॅपवरच पाहिले जाणार, त्याला फुल एचडी पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, मात्र असा कॅमेरा कोणी नेऊ नये. लेन्स काढली, की जुन्या एसएलआरप्रमाणे आरशाचा आडोसा उरत नाही. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सर थेट उघडा पडतो, आणि गुलालाचा एक कण वर्षभराच्या फोटोंवर डाग पाडू शकतो. तिथे मोबाईलच बरा.

बैठकीत मी सुचवले आणि बहुतेकांना पटले, ते असे: व्ह्यूफाइंडर आणि यांत्रिक शटर असलेला, थोडा जुना आणि वापरलेला कॅमेरा चालेल, जमलेल्या वर्गणीतील निम्मी रक्कम एफ/1.8 ची लेन्स, माइक आणि तिवई यांसाठी राखून ठेवावी. खरेदीपूर्वी कॅमेरा एका रात्रीसाठी भाड्याने आणून आमच्याच मांडवातील दिव्यांखाली तपासायचा आहे. आपल्या लेखकांनीही पुढील लेखापूर्वी अशी रात्रीची चाचणी घेऊन फोटोंसह छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक,
रामबाग, इंदूर